वार वेळेआधी सुटणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदर बायका, त्यांचे नवरे, आया-सासवा आणि आशाताई यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आत्ता, या क्षणी कुणाला अंगावरून जात असेल किंवा पोट कडक होऊन दुखत असेल, तर आधी प्रश्न ४ वाचा आणि निघा. बाकीचं नंतर वाचता येईल.

१. वार सुटणं म्हणजे नेमकं काय होतं?

बाळाला आईकडून प्राणवायू आणि पोषण मिळतं ते वारेतून. वार गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असते. बाळ जन्मल्यावर साधारण अर्ध्या तासात ती आपोआप सुटून बाहेर पडते. हेच सुटणं बाळ पोटात असतानाच झालं, तर सुटलेल्या जागी आईच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि तिथे रक्त साचू लागतं. त्या रक्ताच्या दाबाने वार आणखी सुटत जाते. जेवढी वार सुटली, तेवढा बाळाचा प्राणवायू तुटला. म्हणजे रक्त जातं आईचं आणि जीव गुदमरतो बाळाचा.

फाइलवर याला ‘अ‍ॅब्रप्शिओ प्लासेंटी’, ‘प्लासेंटल अ‍ॅब्रप्शन’ किंवा नुसतं ‘अ‍ॅब्रप्शन’ असं लिहिलेलं दिसेल. ‘एपीएच’ असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ फक्त ‘प्रसूतीआधीचा रक्तस्राव’ एवढाच. त्याचं कारण वार सुटणं असेल किंवा दुसरं काही.

२. हे किती जणींना होतं? कितव्या महिन्यात?

शंभर ते दोनशे गरोदर बायकांत साधारण एकीला. २० आठवड्यांनंतर कधीही होऊ शकतं, जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत, आणि काही वेळा ऐन कळा चालू असताना. जुळ्यांमध्ये पहिलं बाळ जन्मल्यावर दुसऱ्याची वार सुटण्याचा धोका असतो, म्हणून जुळ्यांचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हावं.

३. लक्षणं कोणती?

चार गोष्टी लक्षात ठेवा : अंगावरून रक्त जाणं, पोटात किंवा कमरेत सतत दुखणं, पोट कडक होणं आणि बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं. चारही एकदम दिसायलाच हव्यात असं नाही. यातली एक जरी दिसली, तरी तपासून घ्यायला हवं.

दुखणं बहुतेक वेळा अचानक सुरू होतं आणि थांबत नाही. वार गर्भाशयाच्या मागच्या भिंतीला असेल, तर पोट फारसं दुखत नाही, फक्त कंबर धरते. त्यामुळे घरी “उशी नीट नव्हती”, “गॅस झाला असेल” असं म्हणून शेक दिला जातो आणि तास-दोन तास त्यातच जातात. आठव्या-नवव्या महिन्यात कंबर दुखतेच, हे खरं. पण एरवीची कंबरदुखी कूस बदलल्यावर, आडवं पडल्यावर कमी-जास्त होते. एकाएकी सुरू झालेली, कशानेच कमी न होणारी आणि सोबत पोट ताठलेलं असेल अशी कंबरदुखी वेगळी समजायची.

चक्कर, घाम, हातपाय गार पडणं, तोंड पांढरं पडणं, धाप लागणं ही बरंच रक्त गेल्याची चिन्हं आहेत. ती दिसेपर्यंत थांबू नका.

४. संशय आला तर त्या घटकेला काय करायचं?

१०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही ही रुग्णवाहिका मोफत आहे. फोनवर “गरोदर बाई, अमुक महिना, रक्त जातंय, पोट कडक आहे” असं स्पष्ट सांगा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल आणि दारात गाडी असेल, तर गाडीने निघा. बाईला डाव्या कुशीवर झोपवा. तिला दुचाकीवर बसवू नका.

कुठे न्यायचं, हे त्याहून महत्त्वाचं. जिथे रात्रीही सिझर होतं, भूलतज्ज्ञ मिळतात आणि रक्त मिळतं, अशाच ठिकाणी न्या : जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, सोय असलेलं उपजिल्हा रुग्णालय किंवा तशी सोय असलेलं खासगी रुग्णालय. रुग्णालय फार लांब असेल आणि बाई गळून गेली असेल, तर वाटेतल्या आरोग्य केंद्रात सलाईन लावून घ्या, पण तिथे रेंगाळू नका. निघतानाच पुढच्या रुग्णालयाला फोन करून रक्तगट कळवला, तर तिथली तयारी आधी सुरू होते. माता आणि बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि रक्त देऊ शकतील असे दोघे-तिघे नातेवाईक सोबत घ्या.

काय करू नये, तेही सांगते. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल. तेल लावून पोट चोळू नका. वेदनाशामक गोळी देऊन वाट पाहू नका. दाईला किंवा कुणालाही ‘आतून’ तपासू देऊ नका. का, ते प्रश्न ७ मध्ये आहे. वापरलेले पॅड किंवा कपडे टाकून न देता पिशवीत घालून आणा. किती रक्त गेलं याचा अंदाज आम्हाला त्यावरून बांधता येतो.

५. रक्त अगदी थोडं गेलं आणि थांबलंही. तरी यायलाच हवं का?

हो. या आजारात सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

वार कडेने सुटली, तर रक्त वाट काढून बाहेर येतं. ती मध्यभागी सुटली आणि कडा चिकटलेल्या राहिल्या, तर रक्त वारेच्या मागे कोंडून राहतं. साधारण पाचातल्या एका बाईला बाहेर रक्त दिसतच नाही. आत लिटरभर रक्त साचलेलं असतं आणि पॅडवर दोन डाग असतात. म्हणून बाहेर दिसणाऱ्या रक्तावरून धोका मोजायचा नाही. पोट कडक आहे का, दुखतंय का, बाळ हलतंय का आणि बाई कशी दिसते, हे पाहायचं.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायका रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन ११-१२ असलेली बाई जेवढं रक्त गमावून तग धरते, तेवढं ७ हिमोग्लोबिन असलेली धरू शकत नाही. लोहाच्या गोळ्या नियमित घ्या असं आम्ही कंटाळवाणं वाटेल इतक्या वेळा सांगतो, ते याचसाठी.

६. नवव्या महिन्यात पोट तसंही अधूनमधून घट्ट होतं. मग फरक कसा ओळखायचा?

खोट्या कळांमध्ये पोट घट्ट होतं आणि थोड्या वेळाने पूर्ण सैल पडतं. खऱ्या कळांमध्येही दोन कळांच्या मध्ये पोट मऊ होतं, बाईला श्वास घ्यायला उसंत मिळते. वार सुटताना पोट मऊ होतच नाही किंवा इतक्या लागोपाठ कळा येतात की मध्ये उसंतच राहत नाही. हात लावला तर लाकडी पाटासारखं कडक लागतं आणि हात लावलेलाही सोसत नाही.

प्रसूती जवळ आल्यावर शेंबडासारखा चिकट, गुलाबी किंवा लाल रेघा असलेला स्राव जातो. तो थोडाच असतो. पाळीसारखं पातळ रक्त किंवा गाठी गेल्या, तर त्याला ‘बाळंतपण सुरू झालं’ असं समजून घरी थांबू नका.

हालचालीबद्दल शंका असेल, तर डाव्या कुशीवर शांत पडून मोजा. दोन तासांत १० हालचाली जाणवायला हव्यात. पण रक्त जात असेल किंवा पोट दुखत असेल, तर हे मोजत बसायचं नाही.

७. “वार खाली आहे” असं सोनोग्राफीत सांगितलं होतं. ती हीच अडचण का?

नाही. वार गर्भाशयाच्या तोंडाजवळ किंवा तोंडावर असणं हा वेगळा प्रकार आहे. त्याला प्लासेंटा प्रीव्हिया म्हणतात. त्यात रक्त लालभडक असतं आणि बहुधा दुखत नाही. वार सुटते तेव्हा रक्त बऱ्याचदा काळसर असतं आणि दुखतं. हा फरक ढोबळ आहे, काही जणींत दोन्ही गोष्टी एकत्र असतात. वार खाली असताना बोटाने आतून तपासलं, तर भयंकर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वार कुठे आहे हे कळल्याशिवाय डॉक्टरही आतून तपासत नाहीत.

८. मला तिसरा महिना आहे. रिपोर्टमध्ये “सबकोरिओनिक हिमॅटोमा” लिहिलंय. वार सुटतेय का?

पहिल्या तिमाहीत गर्भपिशवीच्या कडेला थोडं रक्त साचणं बऱ्याच जणींत दिसतं. बाळाचे ठोके चांगले असतील, तर बहुतेक वेळा ते रक्त काही आठवड्यांत आपोआप जिरतं आणि पुढे सगळं सुरळीत होतं. या लेखात ज्याबद्दल बोलतोय, तो आजार २० आठवड्यांनंतरचा. सुरुवातीच्या महिन्यांत रक्त गेलेल्यांना पुढे वार सुटण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नका. घाबरून महिनोन्महिने अंथरुणाला खिळून राहण्याची मात्र गरज नाही.

९. हे का होतं? माझं काही चुकलं का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते, बऱ्याचदा रात्री उशिरा. तुमचं चुकलं नाही. हात वर करून कपडे वाळत घातल्याने, पपई खाल्ल्याने, ग्रहणात भाजी चिरल्याने किंवा डोहाळजेवणाला झोपाळ्यावर बसल्याने वार सुटत नाही. कितीतरी जणींत कारण शोधूनही सापडत नाही.

ज्यांचा संबंध नक्की माहीत आहे, त्या गोष्टी या. वाढलेलं बीपी हे सर्वांत महत्त्वाचं कारण, मग ते आधीपासूनचं असो वा गरोदरपणात वाढलेलं. आधीच्या खेपेला वार सुटलेली असणं. पोटावर जोराचा मार. धूम्रपान. मुदतीआधी पाणमोट फुटणं आणि आत जंतुसंसर्ग होणं. गर्भजल फार जास्त असणं आणि पाणमोट फुटताच ते एकदम वाहून जाणं. जुळी बाळं. आईचं वय जास्त असणं, आधीची बरीच बाळंतपणं, आधीचं सिझर. कोकेनसारखी नशा.

यातल्या बीपीवर आपल्याला सर्वांत जास्त काही करता येतं. दर तपासणीला बीपी आणि लघवीतलं प्रथिन बघितलंच पाहिजे. कुणी पाहिलं नाही, तर तुम्ही विचारा. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ही तपासणी मोफत होते. अचानक सूज, थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं यांतलं काही झालं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

१०. सासूबाई आणि मी दोघीही मिश्री लावतो. सिगारेट ओढत नाही. तरी धोका आहे का?

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. धूम्रपानाने वार सुटण्याचा धोका वाढतो, हे पक्कं माहीत आहे. मिश्रीतून धूर जात नाही, पण निकोटीन हिरड्यांवाटे थेट रक्तात जातं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. ज्या वारेतून बाळ जगतं, तिलाच त्यामुळे रक्त कमी पोचतं. बाळाचं वजन कमी भरण्याचा तंबाखूशी असलेला संबंधही पक्का आहे. तेव्हा गुल, तपकीर, गुटखा, मिश्री सगळंच बंद करा. ‘दिवसातून एकदाच’ हेसुद्धा नको. सासूबाईंनी तुमच्यासोबत सोडली, तर तुम्हाला सोडणं सोपं जाईल, हे त्यांना माझ्याकडून सांगा.

११. बाथरूममध्ये घसरून पडले, पण पोटावर नाही. काही दुखत नाही. दाखवायला हवं का?

पाचव्या महिन्यानंतर पडलात, तर दाखवाच. गर्भाशय लवचिक असतं, वार तेवढी नसते. त्यामुळे थेट पोटावर मार न लागताही जोराच्या धक्क्याने ती सुटू शकते. रुग्णालयात निदान ४ तास बाळाचे ठोके आणि कळा यंत्रावर बघतात. सगळं ठीक असेल तर घरी सोडतात, पण पहिले २४ तास जास्त लक्ष ठेवायचं असतं. त्या काळात प्रश्न ३ मधलं काहीही जाणवलं, तर परत या.

खड्ड्यांचा रस्ता, एसटीचे धक्के, रिक्षा यांनी निरोगी वार सुटत नाही. अपघाताने सुटू शकते. चारचाकीत सीटबेल्ट लावाच. खालचा पट्टा पोटाच्या खालून मांड्यांच्या वरच्या बाजूने आणि वरचा पट्टा दोन स्तनांच्या मधून घ्यायचा. पोटावरून पट्टा घेऊ नका.

आणि एक, जे कुणी बोलत नाही. पोटावरचा मार नेहमी पडल्यानेच लागलेला नसतो. घरात कुणी मारलं असेल, ढकललं असेल, तर डॉक्टरांना किंवा नर्सताईंना एकट्यात सांगा. आम्ही नवऱ्याला आणि सासरच्यांना बाहेर बसवून तुमच्याशी बोलू शकतो. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

१२. सोनोग्राफी नॉर्मल आली. मग डॉक्टर दाखल व्हायला का सांगतात?

कारण सोनोग्राफीत हे बऱ्याचदा दिसत नाही. ताजं रक्त आणि वार पडद्यावर जवळपास सारखेच दिसतात. निम्म्याहून अधिक वेळा सोनोग्राफीत काहीच सापडत नाही आणि बाळंतपणानंतर वारेमागे गाठ निघते. सोनोग्राफीत दिसलं तर ते जवळजवळ नक्की असतं. नाही दिसलं, तर ‘नाही’ असं म्हणता येत नाही. सोनोग्राफीचा खरा उपयोग वार खाली नाही ना आणि बाळाचे ठोके कसे आहेत, हे पाहण्यापुरता. बाकी निदान बाईच्या लक्षणांवरून, पोटाला हात लावून आणि बाळाच्या ठोक्यांच्या आलेखावरून होतं.

आलेला रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून घरी गेलात आणि दुखणं थांबलं नाही, तर त्याच दिवशी पुन्हा या. “सकाळीच तर सोनोग्राफी झाली” असं कुणी म्हटलं, तरी या.

१३. बीपी १२०/८० होतं, सगळे म्हणाले ठीक आहे. तासाभरात प्रकृती एकदम ढासळली. असं कसं?

गरोदरपणात बीपी १६०/११० पर्यंत गेलेल्या बाईच्या बाबतीत हे घडतं. तिचं बरंच रक्त आत साचतं, बीपी उतरतं आणि उतरून १२०/८० वर येतं. आकडा नॉर्मल दिसतो, पण तिच्यासाठी तो नॉर्मल नसतो. म्हणून बीपीसोबत नाडीचा वेग, लघवी किती होते आणि हातपाय गार आहेत का, हे पाहावं लागतं. निरोगी तरुण बाईचं शरीरसुद्धा बराच वेळ बीपी टिकवून धरतं आणि मग एकदम कोसळतं. नातेवाइकांनी आधीचे बीपीचे आकडे असलेलं कार्ड दाखवलं, तर मोठा उपयोग होतो.

१४. रुग्णालयात काय करतात? लगेच सिझरच का?

आधी दोन जाड सुया लावून सलाईन, रक्तगट आणि जुळणी, हिमोग्लोबिन, रक्त गोठण्याच्या तपासण्या, लघवीसाठी नळी, बाळाचे ठोके. पुढचं तीन गोष्टींवर ठरतं : आई कशी आहे, बाळ कसं आहे, दिवस किती भरलेत.

रक्त थोडं गेलंय, आई-बाळ दोघं व्यवस्थित आहेत आणि दिवस भरायला वेळ आहे, अशा बाईला दाखल करून लक्ष ठेवतात. ३४ आठवड्यांच्या आत असेल, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. ३२ च्या आत प्रसूती होणार असं दिसलं, तर बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. ही इंजेक्शनं द्यायला थोडा वेळ मिळणं हेही मोठं असतं. ३७ आठवडे झाले असतील, तर थांबण्यात अर्थ नाही.

बाळाचे ठोके बिघडले आणि प्रसूती जवळ नसेल, तर मिनिटांत सिझर. तेव्हा सहीसाठी गावाकडून कुणी यायची वाट बघू नका. सज्ञान बाई शुद्धीवर असेल, तर तिची स्वतःची संमती पुरते. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलं असेल, तर खालून प्रसूती जास्त लवकर होते.

सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेणारी गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहे.

१५. आठवाच महिना होता. कळा थांबवायचं औषध का दिलं नाही?

या कळा साचलेल्या रक्तामुळे गर्भाशय चिडल्याने येतात. औषधाने कळा थांबवल्या, तरी वार सुटणं थांबत नाही. उलट काही औषधांनी नाडी वाढते, बीपी उतरतं आणि आत किती रक्तस्राव चाललाय ते कळेनासं होतं. प्रोजेस्टेरॉन किंवा गर्भाशयाच्या तोंडाला घातलेला टाकाही वार सुटणं रोखत नाही.

१६. बाळ पोटातच गेलं होतं. मग सिझर करून तिला सोडवलं का नाही? कळा का सोसायला लावल्या?

हा राग मला समजतो. घरच्यांना तो निष्ठुरपणा वाटतो. पण तसं करण्यामागे आईचा जीव असतो.

बाळ जाण्याइतकी वार सुटलेली असते, तेव्हा बहुधा निम्म्याहून अधिक वार सुटलेली असते आणि आईचं रक्त गोठण्याची शक्ती कमी झालेली असू शकते (प्रश्न १७). अशा वेळी पोटावर घेतलेला प्रत्येक छेद वाहत राहतो. खालून प्रसूतीत ती जखम टळते. पाणमोट फोडल्यावर, गरज पडली तर कळांचं औषध दिल्यावर, अशी प्रसूती बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा लवकर होते, कारण गर्भाशय आधीच जोरात आकुंचन पावत असतं. तोवर रक्त आणि प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) चालू ठेवतात, आणि दुखणं कमी करायचं औषध मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, बाळ आडवं असेल किंवा आधीची सिझर बरीच झालेली असतील, तर मात्र सिझर करावं लागतं.

प्रसूतीनंतर आईला बाळ पाहायचं, कुशीत घ्यायचं असेल, तर घेऊ द्या. “तिला त्रास होईल” असं ठरवून परस्पर नेऊ नका. नको म्हणाली, तर आग्रहही नको. तिला विचारा.

१७. “रक्त गोठत नाहीये, गर्भाशय काढावं लागेल” असं सांगितलं. हे काय आहे?

वारेमागे गोठलेल्या गाठीत रक्त गोठवणारे घटक खर्च होतात. शिवाय वारेतले पदार्थ आईच्या रक्तात मिसळून जागोजागी गोठण्याची क्रिया सुरू करतात आणि उरलेले घटकही संपतात. मग सुईच्या जागेतून, हिरड्यांतून, टाक्यांतून रक्त झिरपतं. याला डीआयसी म्हणतात. यातला कळीचा घटक फायब्रिनोजेन. गरोदरपणाच्या शेवटी तो एरवी ४०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर असतो; २०० च्या खाली गेला, तर प्रकरण गंभीर आहे. छोट्या रुग्णालयात ही तपासणी नसेल, तर साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन सात मिनिटांत घट्ट गाठ होते का, ते पाहतात. उपाय म्हणजे प्लाझ्मा, क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून काढलेले गोठवणारे घटक), रक्त आणि लवकरात लवकर प्रसूती. नातेवाइकांकडे रक्तपेढीच्या चार-चार पिशव्या मागतात, त्या यासाठी.

गर्भाशय काढणं हा शेवटचा उपाय. काही वेळा गर्भाशयाच्या स्नायूंत रक्त मुरून ते निळं-जांभळं दिसतं. ही अवस्था फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ कूव्हेलेर यांच्या नावाने ओळखली जाते. दिसायला भीतिदायक असलं, तरी नुसत्या रंगावरून गर्भाशय काढत नाहीत. बहुतेक वेळा औषधांनी ते आकुंचन पावतं आणि पूर्ववत होतं. औषधं, टाके, गर्भाशयात घालून फुगवायचा फुगा यांनीही रक्त थांबलं नाही, तरच काढतात. रक्त फार गेल्यावर मूत्रपिंडांवरही आघात होतो, काहींना थोडे दिवस डायलिसिस लागतं.

१८. बाळ वाचलं. पुढे त्याला काही होईल का?

किती वार सुटली, किती वेळ प्राणवायू कमी पडला आणि किती दिवस भरले होते, यावर हे ठरतं. थोडी सुटलेली असेल, तर कितीतरी बाळं पूर्ण निरोगी वाढतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वासाची, दुधाची, जंतुसंसर्गाची अडचण येते. दिवस भरलेलं पण गुदमरलेलं बाळ असेल, तर निवडक केंद्रांत त्याचं शरीर ठरावीक काळ थंड ठेवण्याचा उपचार होतो. तो जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू करावा लागतो, म्हणून हलवायचं तर लगेच हलवावं. आई अतिदक्षता विभागात असल्याने दूध मिळत नसेल, तर दुग्धपेढीबद्दल विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात अशी पेढी १९८९ मध्ये सुरू झाली, आता आणखीही ठिकाणी आहेत. पुढे दोन वर्षं बाळाच्या वाढीची तपासणी नियमित करा.

१९. बीपीसाठी अ‍ॅस्पिरिन दिली आहे. रक्त पातळ होऊन वार सुटेल का?

धोका जास्त असलेल्यांना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन साधारण १२ ते १६ आठवड्यांत सुरू करतात, ती बीपीचा आजार टाळण्यासाठी. वेळेत सुरू केलेल्या या गोळीने वार सुटण्याचा धोका वाढतो असं दिसलेलं नाही. मनाने बंद करू नका. रक्त जाऊ लागलं, तर रुग्णालयात पोचताच “अ‍ॅस्पिरिन चालू आहे” हे सांगा.

२०. मी आशाताई आहे. आमच्याकडच्या गरोदर बायका ऊसतोडीला जातात. त्यांना काय सांगू?

जाऊ नका म्हणून भागत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. निघण्याआधी बीपी, हिमोग्लोबिन, रक्तगट कार्डावर लिहिलेले असू द्या आणि कार्ड गाठोड्यात नाही, तिच्याजवळच राहू द्या. गोळ्या पुरेशा द्या. कारखाना ज्या तालुक्यात आहे, तिथल्या आरोग्य केंद्रात तपासणी करता येते आणि १०८ फडावरही येते, हे तिच्या नवऱ्याला आणि मुकादमालाही सांगा. ‘रक्त जाणं, पोट कडक होणं, बाळ न हलणं’ हे तिन्ही शब्द नवऱ्याकडून वदवून घ्या. पूर्वीच्या खेपेला वार सुटलेली किंवा बीपी असलेली बाई असेल, तर तिच्या थांबण्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांना घरच्यांशी बोलायला लावा.

२१. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे. वेगळं काही?

हो. रक्तस्राव झाल्यावर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं, बाळ वाचलं असो वा नसो. गडबडीत हे राहून जातं. आठवण करून द्या.

२२. पुढच्या वेळी पुन्हा होईल का?

एकदा झालं असेल, तर पुढच्या खेपेला शंभरात साधारण ५ ते १५ जणींना पुन्हा होतं. दोनदा झालं असेल, तर धोका बराच जास्त. म्हणजे पहिल्यानंतर बहुतेक जणींचं पुढचं बाळंतपण व्यवस्थित होतं, पण बेफिकीर राहता येत नाही. निदान दीड वर्षाचं अंतर ठेवा. दिवस राहण्याआधी बीपी आणि हिमोग्लोबिन ताळ्यावर आणा, तंबाखू पूर्ण सोडा, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा. दिवस राहिले की लगेच दाखवा, अ‍ॅस्पिरिन लागते का ते तेव्हाच ठरतं. पुढे बाळाच्या वाढीच्या सोनोग्राफी होतात आणि बऱ्याचदा ३७-३८ आठवड्यांना प्रसूती ठरवून करतात. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल आणि माहेरच्या गावाजवळ प्रश्न ४ मधल्या सोयी नसतील, तर या खेपेला आईलाच सासरी बोलवा. पूर्ण वेळ अंथरुणावर पडून राहिल्याने हे टळत नाही.

बाळ होऊन गेल्यावरही वर्षातून एकदा बीपी मोजत राहा. वार सुटलेल्या बायकांमध्ये पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसतं.

२३. बाळ गेलं, तरी दूध येतंय. रजेचं काय?

दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी दाटतं, आणि याची आईला कुणी आधी कल्पना दिलेली नसते. आधार देणारी ब्रा, गार पट्ट्या आणि वेदनाशामक गोळी यांनी बहुधा भागतं. फडक्याने करकचून बांधू नका. दूध थांबवायच्या गोळ्या परस्पर दुकानातून घेऊ नका. त्यातल्या काही बीपी वाढलेल्या बाईला धोक्याच्या आहेत, आणि वार सुटलेल्या कित्येकींचं बीपी वाढलेलंच असतं.

मातृत्व लाभाच्या कायद्यात ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेलं बाळही धरलेलं आहे. त्यामुळे कार्यालयाने ‘बाळ नाही, मग रजा नाही’ असं म्हणू नये. २६ वा आठवडा संपेपर्यंत झालेली घटना मात्र कायद्याने गर्भपातात मोडते आणि त्याला सहा आठवड्यांची रजा आहे.

२४. घरी सोडताना कागदावर काय लिहून घ्यायचं?

वार सुटल्याचं स्पष्ट निदान, कितव्या आठवड्यात, वारेमागे किती गाठ निघाली, किती पिशव्या रक्त चढवलं, सिझर झालं असेल तर गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा, बाळाचं वजन, घरी जातानाचं बीपी आणि हिमोग्लोबिन, अँटी-डी दिलं की नाही. या कागदाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. बीपीची गोळी चालू असेल, तर पहिली फेरतपासणी आठवड्याच्या आत करा, सव्वा महिन्याची वाट पाहू नका.